पुढचं मडगार्ड

कुणाला ठोकलंस?
सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच.
चहावाल्याचा, शेजारच्या घुगे मास्तरांचा,
आणि चिद्रवार सरांचा. लॅब त्यांची, गाडीही त्यांच्याच नावावर.
त्यांनी आधी टाकीवरून हात फिरवला,
मग चिरेवरून,
मग माझ्याकडे पाहिलं.

कुणालाच नाही, सर.
मग आपोआप फुटलं?

आता काय सांगू.
पाथरीहून निघालो तेव्हा पावणेसहा होत आले होते.
मागं बर्फाच्या डब्यात सत्तावीस नळ्या,
लाल बुचाच्या, जांभळ्या बुचाच्या,
प्रत्येकीवर माझ्या गिचमिड अक्षरात एकेकाचं नाव.
कुणाची साखर, कुणाचं थायरॉइड,
एका बाळंतिणीचं हिमोग्लोबिन.
ऊन पाठीवर,
माझीच सावली लांब होऊन पुढं पळत होती.

मानवतच्या अलीकडं कापसाचे टेंपो चालतात.
वर जाळी, जाळीतून निसटणारं पांढरं.
तिथल्या बाभळींनासुद्धा कापूस लागतो.
खड्ड्यात टेंपो आदळला की
ओंजळभर सांडतो रस्त्यावर.
तेच वेचत होती ती.
सात-आठ वर्षांची, फ्रॉकचा ओटा केलेला.
माझी सावली तिच्या अंगावरून आधी गेली.

मी ब्रेक दाबला म्हणणं खोटं आहे.
हातानं दाबला, पायानं दाबला,
मी मागून पोचलो.
हौदावर आलेल्या म्हशीसारखं
गाडीनं तोंड खाली घातलं,
मागचं चाक हलकं झालं,
डब्यात सत्तावीस जण एकमेकांवर आपटले,
आणि पुढं खाली कुठंतरी
कट्.

मग काहीच नाही.
रबराचा वास. लांब एक टिटवी.
तिच्यात आणि चाकात वीतभर डांबर.
ती चाकाकडं बघत होती, माझ्याकडं नाही.
"तुमचं फुटलं," म्हणाली,
आणि चाकाखाली गेलेला कापूस ओढायला लागली.
मी गाडी हातभर मागं घेतली.
कापूस तिचा होता.

मुजीबभाईनं विचारलं नाही कुणाला ठोकलं.
पुढचा ब्रेक धरून हँडल दोनदा खाली दाबलं,
शॉकअप गेला तसा वर यायला कुरकुरला.
नळीवर तेलाचा ओघळ.
"सील गेलंय. शॉकअप पार तळाला बसला,
मडगार्ड वर चढलं, हॉर्नच्या पत्तीला लागलं.
बाहेरून बसलं असतं तर दाढी फुटली असती.
हे बघा, टाळूवर चीर आहे.
ठोकके नै टूटा, रुकके टूटा."
हे सरांना फोनवर सांगता का, म्हटलं.
हसला. "नवीन साडेसहाशे. का शिवून देऊ?"

तापल्या खिळ्यानं भोकं पाडली,
तांब्याच्या तारेचे सात टाके.
त्याआधी चिरेतून चिमटीनं काहीतरी ओढलं:
कापूस, काळा पडलेला, सरकीसकट.
त्यानंच नळीवरचं तेल पुसलं
आणि फेकून दिला.

सीलचे चारशे माझ्या पगारातून.
रजिस्टरात कारणाच्या रकान्यात सरांनी लिहिलं: अपघात.
मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी पाथरीत पहिलीच बाई,
मनगटापर्यंत हिरव्या बांगड्या, शीर सापडेना.
सापडली. सुई काढली, कापूस ठेवला.
दाबून धरा, म्हणालो. रोजचंच वाक्य.
किती येळ? तिनं विचारलं.
थांबेपर्यंत.