चोवीस खाचा

भाच्यानं पेज उघडून दिलं त्या दिवशी
पारा पंचेचाळीसवर होता
आणि दुकानात अकरा मोटरी जळून आल्या होत्या.
"मामी, आजकाल दिसलं पाहिजे," म्हणाला,
"काम तर सगळेच करतात."
फोटो काढताना त्यानं
वार्निशनं काळे झालेले माझे हात मागं घ्यायला लावले.
खाली टाकलं: हेमलता बोकडे, संस्थापक.
गोळीबार चौकातल्या सहा बाय नऊच्या गाळ्याची
संस्थापक.
मी हसले,
मग ते पुन्हा एकदा वाचलं.

पहिल्या पोस्टला सत्तावन्न लाईक.
त्यात बावीस नातेवाईक,
शारजाचा कोणी एक,
आणि रोज पहाटे सगळ्यांना गुलाब पाठवणारे ते गृहस्थ.
मोटर एकाचीही जळली नव्हती.
"दोनशे भर मामी, बूस्ट करू."
भरले.
साडेआठ हजार लोकांपर्यंत पोचली म्हणे.
साडेआठ हजार लोक आमच्या गल्लीत मावले नसते,
आणि त्यातला एकही चप्पल काढून आत आला नाही.
त्या दिवशी आलेल्या एकुलत्या गिऱ्हाइकाला
समोरच्या पानठेलेवाल्यानं पाठवलं होतं:
"थे बाई करून देते, पन तिच्यासंगं जास्त बोलू नोको."

मग भाच्याला न सांगता
मी एक व्हिडिओ टाकला.
चेहरा नाही, गाणं नाही.
फोन डब्याला टेकवलेला, जरा तिरपा,
हात जसे आहेत तसे.
चोवीस खाचा, छत्तीस नंबरची तार,
आणि मोजणारा माझा आवाज,
एकशे बारा, एकशे तेरा,
मधेच कुल्फीवाल्याची घंटी,
"आग लागो तुह्या घंटीले," मी म्हणते,
तार उलगडते,
परत एकपासून.
तेवढं कापायला पाहिजे होतं.
राहिलं.

नवतप्याची चौथी रात्र, साडेअकरा.
तुमसरहून रुख्साना पठाणचा निरोप:
ताई, तुम्ही चुकता तिथपर्यंत चारदा पाहिला.
अब्बूंनंतर दुकान मी चालवते.
विचारायला कोणी नाही.
मोटर भरली, पण पंखा उलटा फिरतो.

मी चष्मा शोधला.
स्टार्टिंगची दोन टोकं बदलून बघ, लिहिलं.
ती काही लिहितेय असं दिसत राहिलं,
मग तेही दिसेना.
माझाच कूलर कोपऱ्यात खडखडत होता,
तीन उन्हाळे झाले, त्याला हात लावायला वेळ नाही.
पाऊण तासानं सात सेकंद आले:
अर्धं शटर, एक जाळी,
जाळीला बांधलेली ओढणीची चिंधी
माझ्याकडे तोंड करून फडफडणारी.
ते सात सेकंद मी किती वेळा पाहिले
ते सांगत नाही.

आता आम्ही नऊ जणी आहोत.
आर्वीची एक, वरोऱ्याच्या दोघी जावा,
एक बालाघाटची, जी जळक्या वासावरून सांगते
कॉइल गेली की बेअरिंग.
ग्रुपला भाच्यानं इंग्रजीत लांबलचक नाव सुचवलं होतं.
आम्ही ठेवलं, 'एकपासून'.
पेजवर तोच फोटो आहे अजून, हात मागं.

परवा कळलं, इतवारीचा ठोकवाला
तांब्याची तार मला एका भावानं देतो
आणि वरोऱ्याला किलोमागं चाळीस रुपये चढवून.
नऊ जणींनी एकदमच फोन लावला.
"कोणती कंपनी बोलते?" त्यानं विचारलं.
मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला,
काचेवर वार्निशचा अंगठा उमटला.
"पेन घ्या, भाऊ," म्हटलं,
"नावं नऊ आहेत."