नवं कापड

कोपरखैरण्यात, सेक्टर पंधराला,
झेरॉक्सवाल्याच्या वर आमचं टेबल.
कापड जुनं, गोळे धरलेलं,
चहाच्या डागापाशी प्रत्येक बॉल
जरा विचार करायचा.
सहा वर्षं ढकलतच शिकलो,
सगळा जोर कोपरातून.

दिवाळीआधी मढवींनी नवं कापड ताणलं.
पांढरा हलकेच मारला,
तर तीन कुशनांना शिवून
स्वतःच पॉकेटात जाऊन बसला.
तन्वीर हसला.
मीही, थोडा उशिरा.

आता दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
एकच शॉट :
बॉलने शेजारच्यापर्यंत जावं,
टेकावं,
थांबावं.
हाताला सांगतो,
कुणी अडवत नाहीये रे.

हात ऐकतोही हल्ली.
फक्त जिथे तो डाग होता
तिथून बॉल न्यायचा असला
की अजून जोर लावतो.