गुरुवारी ये

दोन्ही हातांनी धर, निहार.
एक छातीखाली, एक बुडाखाली.
मानगुटीला फक्त आईनं धरायचं असतं,
आणि ती बघतेय बघ टेबलाखालून.

सव्वाशे कपडे पडलेत माझे. ऐक पटकन.

दूध नको. सगळे दूधच पाजतात.
मागच्या खेपेच्या एकाला पेंडसेबाईंनी
वाटीभर दिलं, म्हशीचं, सायीसकट,
आणि चार दिवस मी त्याचं बूड पुसत बसले.
मऊ भात दे, बिनमिठाचा,
त्यात उकडलेली कोंबडी कुस्करून.
तुमच्या घरी चालत नसेल तर अंडं.
अंडंही चालत नसेल
तर आधी आईला विचारून ये, मग पिल्लू ने.
कांदा नाही, लसूण नाही, द्राक्षं नाहीत,
तुझं चॉकलेट तर मुळीच नाही.
चार वेळा, थोडं थोडं.
पोट ढोलकीसारखं दिसलं की लोकांना लाड येतो.
ते जंत असतात.
हसबनीस डॉक्टरांकडे ने, संध्याकाळी पाचनंतर;
एक ते चार ते कुणाचेच नसतात.

इंजेक्शनं होईपर्यंत रस्त्यावर ठेवायचं नाही,
गच्चीत वर्तमानपत्र पसर.
उठला की ने, जेवला की ने, खेळून दमला की ने.
तिथं केली की तिथंच शाबासकी,
पाच मिनिटांनी दिलेली त्याला कळत नाही.
घरात केली तर पुसायची आणि गप्प बसायचं.
नाक घासायचं नाही त्यात.
माझ्या सासऱ्यांनी खंड्याचं घासलं होतं.
खंड्या शिकला.
सासरे दिसले की पलंगाखाली जायला शिकला.

दात तांदळाएवढे आहेत, पण सुया आहेत.
चावला तर "आई गं" म्हण आणि पाठ फिरव,
खेळ बंद.
मारू नकोस. ज्या हातानं भरवायचं
त्या हाताला दुसरं काम लावू नये.

नाव एकच ठेवा, घरात चौघं चार नावांनी नको.
आणि रागावताना ते वापरू नका.
आई तुला आडनावासकट हाक मारते
तेव्हा तू जवळ जातोस का लांब?
मग.

पट्टा बांध. सवय झाली तरी बांध.
याचा थोरला भाऊ कॅनॉल रस्त्यावर गेला,
सकाळी सहाला, रस्ता रिकामा होता तेव्हा.
रिकाम्या रस्त्यावरच गाड्या...
असो.

फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या लावून घे
आणि तू त्याच्याजवळ जमिनीवर बस, पलंगावरून नाही.
आणि फाटकावर ती पाटी लावू नका,
"कुत्र्यापासून सावध".
त्याला अजून स्वतःच्या शेपटीचं भय आहे.

रात्री रडेल. दोन रात्री, फार तर चार.
शेजारचे बेल वाजवतील, वाजवू देत.
हा घे सदरा.
बी-सातमधल्या साहेबांचा, दोन वर्षं न्यायलाच आले नाहीत,
याची आई त्यावर व्याली.
याच्याखाली अंथर.
धुवू नकोस,
आणि इस्त्री करू नकोस.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
कुणाला सांगतेय असं.

हसू नकोस. अजून एक.

तिला मोजता येतं.
काल चौथं गेलं तेव्हा संध्याकाळी
ती तीन फेऱ्या मारून आली,
बुचाच्या झाडापासून त्या निळ्या स्कूटरपर्यंत,
मग माझ्या कपड्यांच्या गठ्ठ्यात तोंड घालून
एकेक बाही उचलून बघितली.
मी नवा ढीग घातला. तिनं तोही बघितला.
सगळ्या शर्टांना वास लागला म्हणून
एकीनं पैसे कापले.

तर गुरुवारी ये.
गुरुवारी लाइट जाते, माझी इस्त्री थंड असते.
इंजेक्शनं झाल्यावर, पट्टा बांधून.
दहा मिनिटं पुरेत.
ती हुंगेल, कदाचित गुरगुरेलसुद्धा,
आपलाच आहे हे विसरली असेल तर.
विसरली असेल तर बरंच.

चल, जा आता.
मागं बघू नकोस, त्यालाही बघू देऊ नकोस.
डाव्या हातावर घे. तिकडे ऊन कमी आहे.