थंड करून प्यायची लाल

बाटली तासभर झऱ्यात बुडवून ठेवली होती ओदीलनं.
लाल वाइन कुणी थंड करतं का, असं
लियाँहून आलेला जावई पुटपुटला.
तिनं ऐकलं, आणि कांदा चिरत राहिली.

शिरूब्लच्या चढावरची गामे द्राक्षं,
गेल्याच सप्टेंबरची.
पेल्याआडून बोटं मोजता यावीत इतका पातळ रंग.
वास आधी चेरीचा,
मग नुकत्याच धुतलेल्या दगडी पायरीचा.
आंबटपणा गालांना आतून हळूच चिमटा काढतो.

जावई मोठमोठे शब्द शोधत होता.
ओदीलनं ताटली पुढे सरकवली:
वाफाळते बटाटे, जाड कापलेलं सॉसेज,
कडेची चरबी अजून चुरचुरणारी.
"आधी खा."

एक घास. एक घोट.
ओल्या फडक्यानं ओटा पुसावा
तशी जीभ लख्ख,
आणि भूक पहिल्यापासून सुरू.
शब्द राहिले. त्यानं पाव मोडला.

"हिला ठेवायचं नसतं," ती म्हणाली.
"फिर्मँला सांगून थकले.
त्यानं बारा बाटल्या तळघरात ठेवल्या
तुमच्या लग्नासाठी.
तू विचारायला नऊ वर्षं लावलीस.
तो तर गेलाच. उघडल्या तेव्हा
चेरी कुठली, नुसतं तपकिरी पाणी."

"मग?"

"मग काय, व्हिनेगर घातलं.
चांगलं झालंय. सॅलड घे ना."

त्यानं लेट्यूसचं एक पान उचललं
आणि बराच वेळ
चावत राहिला.