दाब. धर. सोड.

येर्नेय मंगळवारी आला, गाडी टोचनवर लावून.
माझा धाकटा भाऊ.
गेल्या हिवाळ्यात माझ्याच हातून
तीनशे ऐंशी घोडे जुंपून घेतले होते त्यानं:
टर्बो नवा, पंप नवा, धुराड्याचा आवाजसुद्धा नवा.
ब्रेकचं काढलं तेव्हा हसला होता,
"झ्देंका, थांबायला कुणी पैसे घालतं का?"

आता दारात उभा. टोपी हातात.
व्हर्शिचच्या उतारावर, सोळाव्या वळणाला,
जिथं डांबर संपून दगडी चिरे लागतात,
पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं
आणि वर आलंच नाही.
गिअर, हँडब्रेक, शेवटी कडेचा ओंडका.
शेजारी नेझा बसलेली. बारा वर्षांची पोर.
घरी जाऊन आईला म्हणाली,
"बाबांनी गाडी काय छान वळवली!"
हे सांगताना तो माझ्याकडे नाही,
जॅककडे बघत होता.

चाक उतरवलं.
डिस्क निळी पडलेली, कडेपासून आत
केसाएवढ्या भेगा,
भट्टीपुढे तीस वर्षं उभ्या राहिलेल्या
आमच्या बाबांच्या टाचांसारख्या.
(येसेनित्से हे पोलादाचं गाव.
तापलेलं लोखंड काय करतं
ते इथं शाळेत शिकवावं लागत नाही.)
ऑइल उकळलं होतं. उकळलं की बुडबुडे,
आणि बुडबुडा दाबला की दबतो.
एवढंच. भूत नाही, नशीब नाही.

खोकं इटलीहून आलं, दोन माणसांनी उचलावं असं.
सहा पिस्टनचे कॅलिपर. "लाल रंग नको," म्हणाला.
ताटाएवढ्या डिस्क, पोलादी जाळीचे पाइप.
सगळं बसलं. चाक बसेना.
तीन मिलिमीटर! आरा कॅलिपरला घासतो.
मी हात टेकले. तो बाहेर जाऊन
बराच वेळ सावा नदीकडे तोंड करून उभा राहिला.
शुक्रवारी मागचा कार्बनचा पंख विकला,
अठरा इंची चाकं घेऊन आला.
त्या पंखासाठी दोन उन्हाळे
त्यानं समुद्र पाहिला नव्हता.

मग हवा काढायची. एकट्याचं काम नाही ते.
येर्नेय म्हणाला, मी दाबतो.
नेझा त्याच्याआधी सीटच्या कडेवर सरकली होती,
पाय जेमतेम पोचणारा.
लांबचं चाक आधी, मागचं उजवं.
मी गाडीखाली, हातात आठचा पाना,
पारदर्शक नळी जर्दाळूच्या बरणीत सोडलेली.
"दाब."
दाबलं.
"धर."
नट पाव फेरा. काळपट चहा, मग बुडबुडे,
माशाच्या पिल्लांसारखे एकामागे एक.
नट बंद.
"सोड."
वरून तिचा आवाज, "सोडलं."
दाब. धर. सोड.
येर्नेय बाटली धरून बाजूला,
ओठ हलत होते त्याचे, आवाज नव्हता.
चौथ्या चाकाला ती म्हणाली,
"आत्या, आता हे परत ढकलतंय मला."
मी म्हटलं, "तसंच पाहिजे."

रविवारी पहाटे पोद्कोरेनच्या सरळ रस्त्यावर
आम्ही दोघंच. शंभरवरून वीस,
पुन्हा शंभर, पुन्हा वीस, दहा वेळा,
पूर्ण थांबायचं नाही.
जळकट वास, छातीवर पट्ट्याचा वळ.
सातव्या वेळी कुरणातली गाय उठून निघून गेली.
दहाव्यानंतर तो काही बोलला,
इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही.
मीही पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी फोन. "झ्देंका, करकर आवाज येतोय."
"येऊ दे. हळू चालवताना येणारच."
"घाटात नेऊ का?"
गप्प राहिले मी.
"नको," त्यानंच म्हटलं. "आधी नेझाला शाळेत सोडतो."

बरणी अजून फळीवर आहे, तळाशी काळा गाळ.
झाकणावर आईच्या अक्षरात: जर्दाळू, साखर कमी.
गॅरेज आवरायला घेतलं की दरवेळी उचलते,
आणि परत ठेवते.