ओठ

मंगळवारी टेम्पोतून शीटांचा गठ्ठा उतरला.
काळा, चकचकीत. शंभर शीटांची उंची
माझ्या टाचेपासून घोट्यापर्यंत.
शंभर पॅलेट रचली असती
तर गोदामाची मागची भिंत दिसली नसती,
आणि तिच्यावरचं ‘येथे थुंकू नये’ तर नाहीच.

गोकुळ शिरगावात, गुळाच्या कंपनीत
मी डिस्पॅचला. माझं काम मोजायचं.
दहा पॅलेट, एकेक बावीस किलोचं.
दहा शीट, किलोकिलोची.
उरले दोनशे दहा,
म्हणजे कंटेनरमागे एकवीस पेट्या जादा.
मालक म्हणाले, विजयमाला, परत एकदा करा.
परत केलं. तेवढंच आलं.

पॅलेटच्या पोटात अर्धी वीत पोकळी असायची,
फोर्कलिफ्टचे काटे शिरायला.
इतकी वर्षं भाडं भरून
ती पोकळीच आम्ही जेबेल अलीला पाठवत होतो:
बाभळीच्या भुशाचा वास,
एकदा मांजराचं पिल्लू (वेळेवर सापडलं),
मेहबूब शिकलगारची चुन्याची डबी (ती गेली).

शीटला पोकळी नाही. एका कडेला
चार बोटांची पट्टी, वर दुमडलेली.
शिकवायला आलेला माणूस म्हणाला, हा ओठ.
मशीन ओठ धरतं
आणि अख्खी रास अंगावर ओढून घेतं.
पहिल्या दिवशी दोन ओठ फाटले.
तिसऱ्याला मेहबूबनं श्वास धरला, लिव्हर दाबला,
म्हणाला, ताई, झोपलेल्या पोराखालची चादर वडायची हाय ही.
पोरगं जागं न होता.

गुरुवारी केरबा सुतार आला, मागचं बिल न्यायला.
बरोबर आठ पॅलेट, कुणी न सांगता आणलेली.
छप्पन अंशावर अर्धा तास भाजलेलं लाकूड,
आपला किडा परमुलखात जाऊ नये म्हणून;
बाजूला कणसाचा शिक्का, सरकारी.
आणि खालच्या फळीवर पेन्सिलीनं एक ‘क’,
तो बिनसरकारी.

शीट उचललं त्यानं, वाकवलं, सोडलं.
पत्र्यासारखं वाजलं.
‘ह्याला पाय कुठं हायत?’
नाहीत.
‘मग हुबं कसं ऱ्हातंय?’
पडूनच असतं, मामा.
‘आमच्या थोरल्यागत.’
सगळे हसले. मग हसू
जरा जास्त वेळ चाललंय असं वाटून थांबले.

दोन वर्षांमागं तिकडून एक फोटो आला होता.
हमाल चहा पिताहेत, उलट्या पॅलेटवर बसून,
आणि एकाच्या गुडघ्यांमधून दिसतोय ‘क’.
केरबाला दाखवला तेव्हा दोन बोटांनी
त्यानं आधी अक्षर मोठं केलं, मग माणसं.
‘बसल्यावर हालतंय का, इचारा,’ म्हणाला.
मी विचारलं नव्हतं. कुणाला विचारणार?

आता निघताना बिलाची घडी खिशात घालत:
‘ह्याच्यावर बसायचं कसं वो त्यांनी?’
माझ्या वहीत त्याला रकाना नाही.
आठ पॅलेट मात्र ठेवून घेतली,
मालकांना ‘हिशेबात होती’ असं सांगून.

पंचवीस दिवसांनी फोटो आले.
पहिला तक्रारीचा: चौथ्या राशीचा ओठ फाटलेला,
सत्तर पेट्या हातानं उतरवाव्या लागल्या.
दुसरा बहुतेक चुकून आलेला.
कंटेनरच्या सावलीत तेच शीट पसरलंय,
भोवती पाचजण, मध्ये भाताचं पातेलं.
सहावा आडवा, डोळ्यांवर हात घेऊन,
आणि फाटका ओठ दुमडून
उशाला घेतलेला.

केरबाला पाठवला.
दोन निळ्या खुणा झाल्या, मग काहीच नाही.
रात्री नऊला आवाज आला त्याचा,
मागं हातोडी चाललेली, काय बनवतोय कळेना.
‘बगितला. बरं हाय.
खालची जमीन तापत आसंल पर.
इचारा.’

या वेळी विचारलं.
त्या खुणा अजून करड्याच आहेत.