पाणसळ

हार्मके वीर्सेमा, वय एक्क्याऐंशी.
तिच्या ओट्यात भोक पाडायला आलोय:
छप्पन्न बाय एकोणपन्नास.
या आठवड्यातलं चौथं स्वयंपाकघर.
ग्रोनिंगेनच्या या टोकाला, समुद्रबांधाच्या अलीकडे,
माझं पोट सध्या लोकांच्या विझणाऱ्या शेगड्यांवर चाललंय.

निवड तिची तिनेच केली.
भाचीने पसंत केलेली होती काळी, गुळगुळीत,
नुसतं बोट सरकवायची.
दुकानातल्या पोराने हिचं बोट धरून काचेवर ठेवलं.
काचेला पत्ताच नाही.
जन्मभर बटाट्याच्या मातीत गेलेली बोटं,
कोरडी, सालपटलेली.
"ती मला ओळख देत नाही, मग मी कशाला देऊ?"
म्हणाली, आणि चार गोल बटणांची मागितली.
ही आता कोणी नेत नाही, पोरगा म्हणाला.
"म्हणजे स्वस्त असेल," ही म्हणाली.

मी वायरी सोडवेपर्यंत तिने
फ्रिजवरचं दीपस्तंभाचं चुंबक काढून
एकेका भांड्याच्या बुडाला लावून पाहिलं.
पांढरं एनॅमलचं, कडेला टवके उडालेलं: टक.
बिडाचा तवा: टक, आणि निघता निघेना.
दुधाचं ॲल्युमिनियमचं: नाही.
सासूचं तांब्याचं, जडशीळ, दोन कानांचं:
दीपस्तंभ घसरून फरशीवर.
तिने तो उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला.
मग जरा जास्तच तत्परतेने
ते पातेलं दाराबाहेर नेऊन ठेवलं.

भिंतीतून वायर न्यायची तर मध्ये तडा.
तड्याशेजारी पेन्सिलीच्या बारीक तारखा,
मुलांची उंची मोजावी तशा,
दर धक्क्यानंतर तो कुठवर पोचला त्या.
मी वळसा घालून नेली.
बोललो काही नाही. बोलणार काय?
पायाखालचा गॅस काढायच्या कामावर
माझे वडील सव्वीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवत होते.
त्याच पगारात आमचं घर उभं राहिलं.
तडेही त्याच पगारातले.

जुना पाइप बंद करण्याआधी विचारलं,
शेवटचं एकदा पेटवून बघायचंय का?
बाकीच्या घरी लोक थांबतात, कोणी फोटो काढतात,
एकाने तर त्या निळ्या जाळावर सिगारेट शिलगावली.
तिने घड्याळ पाहिलं.
"बारा वाजता बटाटे लागतात मला."
पितळी टोपी आवळली, साबणाचं पाणी लावलं.
फेस जागचा हलला नाही.

काच बसवून पाणसळ ठेवली
तर बुडबुडा पार डाव्या भिंतीला टेकलेला.
ओटा नव्हे, घरच कललंय.
म्हटलं, खाली पट्ट्या घालतो, सरळ होईल.
"नको हात लावूस.
तेल डावीकडे धावतं, मला ठाऊक आहे.
ऑम्लेट मी त्याच उतारावर उलटते."
पट्ट्या परत पिशवीत टाकल्या.

मग पाणी, बटाटे, चिमूटभर मीठ.
तिने बटण फिरवलं आणि वाकून
पातेल्याच्या बुडाखाली शोधू लागली.
जाळ कुठाय?
भांड्यातच, म्हटलं. काच नुसती निमित्त.
तिने पातेल्याशेजारी काचेवर तळहात टेकला,
टेकलेलाच ठेवला,
तापावर उतार पडलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.
बुडातून पहिले बारीक थेंब सुटले,
आणि पाणी डाव्या काठाकडे जरा वर, उकळू लागलं.

"याहून वाईट असू शकलं असतं," ती म्हणाली.
आमच्याकडे याच्यावर स्तुती नाही.

पैसे मोजून दिले. वर ते तांब्याचं पातेलं दिलं,
"बिलातून वजा करू नकोस."

माझ्या घरी अजून गॅस आहे.
गिऱ्हाइकांना सांगत नाही.
रात्री त्या पातेल्यात वाटाण्याचं सूप केलं,
निळ्या जाळावर, चांगलं दाट.
पाणसळ गाडीतच राहू दिली.